राष्ट्राध्यक्षाची वेसण कोणाच्या हाती?



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की तिची चर्चा आपल्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवरही रंगते. आता हा गृहस्थ आला, आता तो असे करील, तसे करील, अशी भाकिते आपण मोठ्या हौसेने करतो. वर्ष-दीड वर्षाने पाहावे, तर त्यांतली निम्मी फसलेली असतात. मग आपण ‘बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात’ असा शेरा मारून मोकळे होतो. माणूस लबाड निघाला, हा आपला निकाल.

हा निकाल कधी कधी खरा असतो. पण नेहमी नाही. पुष्कळदा त्या माणसाला बोलल्याप्रमाणे करायचे असते, पण त्याचा हात कोणी तरी धरलेला असतो. नवल असे की, तो धरणारा विरोधक नसून त्याच्याच पक्षाचा असतो. हा हात कसा धरला जातो, केव्हा सैल पडतो, आणि धरला जातो हे बरे की वाईट, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपले राष्ट्रपती नव्हेत. आपल्या राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते. खरा कारभार पंतप्रधान पाहतात. आणि पंतप्रधानांचे आसन लोकसभेच्या विश्वासावर उभे असते. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार अवघ्या एका मताने पडले, हे आपण पाहिले आहे. अमेरिकेत असे होत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो. त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. सैन्याचा तो सरसेनापती असतो. विधिमंडळाने केलेला कायदा त्याला नकाराधिकाराने परतवता येतो, आणि तो नकार मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. या विधिमंडळाला तिकडे ‘काँग्रेस’ म्हणतात. आपल्या काँग्रेस पक्षाशी त्याचा संबंध नाही. प्रतिनिधिगृह आणि सिनेट अशी त्याची दोन सभागृहे आहेत.

एवढे अधिकार ज्याला आहेत आणि ज्याला मुदतीपूर्वी सहसा कोणी हलवू शकत नाही, त्याला पक्षाची पर्वा कशाला हवी? घटना वाचली तर हा प्रश्न अधिकच पडतो. १७८७ मध्ये लिहिलेल्या त्या घटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखसुद्धा नाही. पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याने १७९६ मध्ये निरोप घेताना देशबांधवांना पक्षीय वृत्तीपासून सावध राहण्याचा उपदेश केला. पण त्याच्याच मंत्रिमंडळात हॅमिल्टन आणि जेफर्सन यांच्या मतभेदांतून दोन पक्षांची बीजे पडली होती. १८०० च्या निवडणुकीत तर एक गंमतच झाली. त्या वेळी प्रत्येक निर्वाचकाने दोन मते द्यायची, ज्याला अधिक तो अध्यक्ष आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष, असा नियम होता. जेफर्सनच्या पक्षाच्या निर्वाचकांनी शिस्तीने दोन्ही मते आपल्याच दोघांना दिली. परिणामी जेफर्सन आणि त्याचा जोडीदार बर या दोघांनाही सारखीच ७३ मते पडली! प्रतिनिधिगृहात मतदानाच्या छत्तीस फेऱ्या झाल्या, तेव्हा कोठे जेफर्सन अध्यक्ष ठरला. १८०४ मध्ये घटनेची बारावी दुरुस्ती करून हा घोळ मिटवावा लागला. ज्या घटनेने पक्षाला दारात उभे केले नव्हते, तिला वीस वर्षांच्या आत पक्षासाठी आपली घडी बदलावी लागली.

पक्ष असा घरात आला याचे कारण साधे आहे. राष्ट्राध्यक्षाला कायदा हवा असेल तर मते लागतात. मंत्री आणि न्यायाधीश नेमायचे तर सिनेटची संमती लागते. पुन्हा निवडून यायचे तर उमेदवारी लागते. आणि महाभियोगाचा प्रसंग आलाच, तर सिनेटमध्ये एक-तृतीयांशाहून अधिक सभासद तरी पाठीशी उभे असावे लागतात. या चारही गोष्टी पक्षाकडून मिळतात. एकट्याच्या बळावर त्यांतली एकही मिळत नाही.

हा दोर ज्याने कापून पाहिला, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १८४१ मध्ये व्हिग पक्षाचा राष्ट्राध्यक्ष हॅरिसन सूत्रे घेतल्यावर महिन्याभरातच वारला आणि उपाध्यक्ष जॉन टायलर त्याच्या जागी आला. टायलर मूळचा विरोधी पक्षातला. दक्षिणेतली मते मिळावीत म्हणून व्हिगांनी त्याला जोडीला घेतले होते. व्हिगांचा पुढारी हेन्री क्ले याला राष्ट्रीय बँक हवी होती. टायलरला ती घटनाबाह्य वाटे. विधिमंडळाने बँकेचा कायदा केला, टायलरने तो नाकारला. फेरफार करून पुन्हा केला, टायलरने पुन्हा नाकारला. त्याबरोबर परराष्ट्रमंत्री वेबस्टर एवढा सोडून बाकी सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, आणि पक्षाच्या विधिमंडळातील सभासदांनी त्याला पक्षाबाहेर काढले.

टायलरचे पद गेले नाही. व्हाइट हाउसमध्ये तो पुढे साडेतीन वर्षे राहिला. पण कसा? त्याने मंत्रिपदासाठी सुचविलेल्या चार माणसांना सिनेटने नाकारले. त्यांतल्या कुशिंग नावाच्या गृहस्थाचे नाव तर त्याने एकाच दिवशी तीनदा पाठवले आणि तीनदा परत आले. राष्ट्राध्यक्षाचा नकार विधिमंडळाने दोन-तृतीयांश मतांनी मोडण्याचा अमेरिकेतला पहिला प्रसंग त्याच्याच कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी घडला. १८४४ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांपैकी एकानेही त्याला उमेदवारी दिली नाही. टायलरचे मत बरोबर होते की चूक, हा प्रश्न बाजूला ठेवा. नकार देण्याचा अधिकार त्याच्यापाशी होता. काही घडवून आणण्याचे सामर्थ्य मात्र पक्षाबरोबर निघून गेले.

आपण म्हणाल, टायलर अपघाताने आलेला माणूस. ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले आहे, त्याची गोष्ट वेगळी असणार. तर मग फ्रँकलिन रूझवेल्टचे उदाहरण घेऊ. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये त्याने जिंकली. सिनेटच्या ९६ जागांपैकी सत्तरांहून अधिक त्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या. असे बहुमत क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. त्या भरात त्याने फेब्रुवारी १९३७ मध्ये एक योजना मांडली. सर्वोच्च न्यायालय त्याचे कायदे एकामागून एक रद्द करीत होते. म्हणून सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा न्यायाधीश, असे जास्तीत जास्त सहा न्यायाधीश नेमण्याचा अधिकार त्याने मागितला.

ही योजना पाडली कोणी? रिपब्लिकन पक्ष तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता आणि तो मुद्दाम गप्प बसला. योजनेविरुद्ध आघाडी उभारली ती डेमोक्रॅट सिनेटर व्हीलर याने. सिनेटच्या ज्या न्यायविषयक समितीने प्रतिकूल अहवाल दिला, तिच्यातही डेमोक्रॅटांचेच बहुमत होते. २२ जुलै १९३७ रोजी ७० विरुद्ध २० मतांनी ते विधेयक समितीकडे परत पाठवून गुंडाळण्यात आले.

रूझवेल्ट चिडला. ज्यांनी आपल्याला अडवले त्यांना पुढल्या निवडणुकीत पक्षाच्या मतदारांकडूनच घरी बसवायचे, असे त्याने ठरवले. ऑगस्ट १९३८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या बार्न्सव्हिल गावी, सिनेटर वॉल्टर जॉर्ज व्यासपीठावर बसलेले असताना, त्यांना निवडू नका असे त्याने लोकांना उघड सांगितले. जॉर्ज यांनी तेथल्या तेथे आव्हान स्वीकारले. लोकांनी रूझवेल्टचा जयजयकार केला आणि मते जॉर्जला दिली. साउथ कॅरोलायनात स्मिथ आणि मेरीलँडमध्ये टायडिंग्ज यांच्या बाबतीतही हेच झाले. न्यूयॉर्कचा एक प्रतिनिधी तेवढा पडला.

आजच्या विषयाची किल्ली या प्रसंगात आहे. आपल्याकडे तिकीट वरून येते, आणि ‘वर’ म्हणजे कोठे हे सांगायला नको. अमेरिकन पक्षाची रचना तशी नाही. तो राज्याराज्यांतल्या पक्षांचा मिळून झालेला एक सैलसा संघ आहे. सिनेटरची उमेदवारी त्याच्या राज्यातून ठरते. राष्ट्राध्यक्ष ती देत नाही आणि बहुधा काढूनही घेऊ शकत नाही. म्हणून कोणता सभासद राष्ट्राध्यक्षाचे ऐकेल आणि कोणता ऐकणार नाही हे ओळखायचे असेल, तर तत्त्वज्ञान विचारू नये. त्याची जागा कोणाच्या हातात आहे, एवढेच विचारावे. जॉर्जची जागा जॉर्जियाच्या मतदारांच्या हाती होती. वेसण तिकडे होती.

पक्षाच्या या बंधनाची एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून हा विषय सांगता येणार नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेतली गोरी मते पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षालाच पडत. निग्रो म्हणून त्या काळी ज्यांचा उल्लेख होई त्या कृष्णवर्णीय नागरिकांना नाना क्लृप्त्या करून मतदानापासून दूर ठेवलेले असे. त्यामुळे दक्षिणेतला सिनेटर एकदा आला की वर्षानुवर्षे हलत नसे. समित्यांचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळे. सर्वांत ज्येष्ठ तेच असत. साहजिकच विधेयके अडवण्याची दारे त्यांच्या ताब्यात गेली. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे अमानुष प्रकार चालत, त्यांविरुद्धचे विधेयक १९३० नंतरच्या दशकात आले. तेव्हा रूझवेल्टने त्यामागे आपले वजन टाकले नाही. आपण बोललो तर समित्यांवरचे हे दक्षिणी अध्यक्ष आपले बाकीचे सगळे कायदे अडवतील, हे भय त्यामागे होते. बेकारांना काम देणारा राष्ट्राध्यक्ष माणसे जाळणाऱ्यांपुढे गप्प राहिला. पक्षाच्या बंधनाची किंमत कधी कधी असे लोक मोजतात, ज्यांना त्या पक्षात मतही नसते.

ट्रूमनने १९४८ मध्ये जे स्वतःच्या सहीने करता येत होते तेवढे केले. सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी दक्षिणी डेमोक्रॅटांचा एक गट फुटला आणि त्याने थर्मंड यांना वेगळा उमेदवार म्हणून उभे करून चार राज्ये जिंकली. कायदा व्हायला १९६४ उजाडले. केनेडीने नागरी हक्कांचे विधेयक १९६३ मध्ये पाठवले, आणि त्याच्या हत्येनंतर ते लिंडन जॉन्सनने नेटाने पुढे नेले. जॉन्सन स्वतः दक्षिणेचा, सिनेटची प्रत्येक खाचखळगी ठाऊक असलेला. त्यानेही ते केवळ स्वपक्षाच्या बळावर केले नाही. वादविवाद लांबवण्याचा डाव मोडण्यासाठी सिनेटमध्ये ७१ मते मिळाली, त्यांतली २७ विरोधी रिपब्लिकनांची होती. आणि विरोधात पडलेल्या २९ पैकी २३ त्याच्याच पक्षाची. त्या नोव्हेंबरात जॉन्सन प्रचंड मतांनी निवडून आला, तरी अगदी दक्षिणेकडची पाच राज्ये त्याच्या हातून गेली. वेसण तोडता येते, पण नाकातून रक्त आल्यावाचून नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, तर मग हे बंधन वाईटच. राष्ट्राध्यक्षाला मोकळे सोडावे. तसे म्हणण्यापूर्वी १९७४ चा उन्हाळा आठवावा.

निक्सनने १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये जिंकली होती. पुढे वॉटरगेटचे प्रकरण उघडकीला आले. विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या चोरट्यांचा तपास दाबण्यात राष्ट्राध्यक्षाचाच हात होता की काय, असा प्रश्न उभा राहिला. दीड-दोन वर्षे बहुतेक रिपब्लिकन त्याच्या बाजूने राहिले. जुलैच्या अखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने २७ विरुद्ध ११ मतांनी महाभियोगाचे पहिले कलम मंजूर केले. त्या २७ मध्ये सहा रिपब्लिकन होते. ५ ऑगस्टला ध्वनिफितीतला मजकूर प्रसिद्ध झाला आणि तपास थांबवण्याचे बेत निक्सनच्याच शब्दांत देशाने वाचले. ७ ऑगस्टला गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे रिपब्लिकन पक्षाचे तीन पुढारी त्याला भेटायला गेले. सुटकेला सिनेटमध्ये ३४ मते हवीत आणि ती आता मिळण्यासारखी नाहीत, ही वस्तुस्थिती त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी निक्सनने राजीनामा जाहीर केला. विरोधकांच्या आरडाओरडीला जो बधला नाही, तो घरच्या तिघांच्या शांत शब्दांपुढे नमला.

हे सगळे केवळ सद्‌सद्विवेकबुद्धीने झाले असे मानण्याचे कारण नाही. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि निक्सनबरोबर आपणही बुडू ही भीती रिपब्लिकनांना होती. पण राज्यघटना रचणारे शहाणे तरी दुसरे काय सांगत होते? माणसे देवदूत नसतात, हे धरून चालावे, आणि स्वार्थच स्वार्थाला आवरील अशी मांडणी करावी.

प्रश्न असा की, ही मांडणी नेहमी चालते का? येथे मधल्या काळात झालेला एक बदल लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पक्षाच्या महाअधिवेशनात पुढारी ठरवीत. १९६८ मध्ये हंफ्रे यांना एकाही प्राथमिक निवडणुकीत न उतरता उमेदवारी मिळाली. प्राथमिक निवडणूक म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यासाठी मतदारांनी करायचे मतदान. हंफ्रे यांच्या निवडीवरून मोठी नाराजी झाली, नियम बदलले, आणि १९७२ पासून ही प्राथमिक निवडणूकच निर्णायक ठरली. विधिमंडळाच्या जागांसाठी ती पद्धत आधीपासूनच होती. हेतू चांगला होता: बंद खोलीतला धूर बाहेर काढायचा. पण या मतदानाला येणारे लोक थोडे, आणि येतात ते बहुधा अधिक कडवे. पुढाऱ्यांच्या हातची वेसण या थोड्यांच्या हातात गेली. आणि जो राष्ट्राध्यक्ष या थोड्यांना आपलेसे करतो, त्याच्या हातात ती उलटी येते. मग सभासद त्याला आवरत नाहीत. तो सभासदांना आवरतो.

२०२१ मध्ये याची परीक्षा झाली. ६ जानेवारीला जमाव विधिमंडळाच्या इमारतीत घुसल्यावर आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग ठेवण्यात आला. त्यांच्या पक्षाच्या दहा प्रतिनिधींनी त्याच्या बाजूने मत दिले. सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मते पडली. दोषी म्हणणाऱ्यांत सात रिपब्लिकन होते, पण दोन-तृतीयांश झाले नाहीत आणि ट्रम्प सुटले. आरोप खरा की खोटा याचा निवाडा आपण येथे करणार नाही. आपल्याला पाहायचे ते पुढचे. त्या दहा प्रतिनिधींपैकी चौघे निवडणुकीला उभेच राहिले नाहीत, चौघे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत पडले, आणि २०२२ मध्ये परत आले ते फक्त दोघे. बाकीच्या सभासदांनी यावरून काय धडा घेतला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून वेसण संपली असे मात्र नाही. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी जवळजवळ सगळ्या प्राथमिक निवडणुका जिंकल्या होत्या. जूनच्या अखेरीस वादसभेत त्यांची वयोमानाने झालेली अवस्था देशाने पाहिली, आणि त्यांच्याच पक्षातून ‘आता थांबा’ असा आग्रह सुरू झाला. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. १९७४ आणि २०२४ मध्ये पक्षाच्या लोकांना वाटले, याच्यामुळे आपली जागा जाईल. त्यांनी दोर ओढला. २०२१ मध्ये बहुतेकांना वाटले, याच्या विरोधात गेलो तर आपली जागा जाईल. त्यांनी दोर सोडला. घटना तीच, अधिकार तेच. बदलला तो एका प्रश्नाचा जबाब: माझी जागा कोणाच्या हातात आहे?

श्रोतेहो, बंधन हे स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. दक्षिणेतल्या त्या समिती-अध्यक्षांच्या हातात ते अन्यायाचे साधन झाले. १९३७ आणि १९७४ मध्ये तेच घटनेचे कुंपण झाले. ते कोण धरतो, यावर सारे अवलंबून आहे. थोड्यांच्या हाती गेले की थोड्यांचे काम करते.

हा विचार करताना आपल्याकडेही एकदा पाहावे. आपल्या देशात १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून सभागृहात मत दिले, तर सभासदत्व जाऊ शकते. विकत घेतलेल्या पक्षांतरांना आळा बसावा म्हणून तो आणला, आणि तो हेतू कोणी नाकारणार नाही. पण अमेरिकेतल्या सिनेटरला निदान ‘मी माझ्या राज्याचा’ असे म्हणून राष्ट्राध्यक्षाला अडवता येते. आपल्या प्रतिनिधीला तिकीटही वरून आणि आदेशही वरून. पुढच्या वेळी एखादा उमेदवार आपल्या दारी हात जोडून आला, तर रस्ता आणि पाणी यांबद्दल त्याला अवश्य विचारावे. पण आणखी एक प्रश्न विचारावा: ‘बाबा रे, तुझी जागा कोणाच्या हातात आहे?’ त्याने प्रामाणिकपणे ‘तुमच्या’ असे उत्तर द्यावे अशी परिस्थिती निर्माण करणे हे त्याचे काम नाही. ते आपले आहे.